पासवर्ड बरोबर, तरी डेस्कटॉप येत नाही: लिनक्स आणि फ्रीबीएसडीवर काय, कुठल्या क्रमाने तपासायचं

पासवर्ड बरोबर टाकला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा पासवर्डचीच चौकट समोर आली. किंवा काळ्या पडद्यावर नुसता माउसचा बाण फिरतोय. अशा वेळी बहुतेक जण पेनड्राइव्ह शोधतात आणि सगळं नव्याने इन्स्टॉल करतात. माझ्या अनुभवात दहातल्या नऊ वेळा त्याची गरज नसते. फायली जागेवर असतात, कर्नल (सिस्टिमचा गाभा) चालू असतो, डेस्कटॉपपर्यंत जाणाऱ्या साखळीतली एखादीच कडी तुटलेली असते. ती कडी कोणती हे ठरवायच्या आधीच इंटरनेटवर सापडलेल्या कमांड मारत सुटलं, की एका बिघाडाचे तीन होतात.

ती साखळी अशी आहे. सगळ्यात खाली कर्नल आणि ग्राफिक्स ड्रायव्हर. त्यावर ग्राफिक्स सर्व्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा एक्सऑर्ग किंवा वेलँड. मग लॉगिनचा पडदा दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर: जीडीएम, एसडीडीएम किंवा लाइटडीएम. मग तुमच्या नावाने उघडणारं सेशन, आणि शेवटी पॅनेल, खिडक्या, वॉलपेपर. पुढचा सगळा क्रम या साखळीवर बेतलेला आहे, म्हणून पायऱ्या मध्येच गाळू नका.

कमांडबद्दल एक सूचना. इथे त्या नागरीत, आपण बोलताना म्हणतो तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन लहान अक्षरं वापरायची. कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. उदाहरणं डेबियन, उबंटू आणि मिंटची आहेत. फ्रीबीएसडीसाठी शेवटी वेगळा टप्पा आहे.

## तयारी: हात लावण्याआधी

मोबाइल हाताशी ठेवा. पडद्यावर जे दिसेल त्याचा फोटो काढा, कारण चूक सांगणारा संदेश दोन सेकंद दिसून जातो आणि नंतर आठवत नाही. कागदावर दोन गोष्टी लिहा: शेवटचं नीट कधी चाललं होतं आणि त्यानंतर काय बदललं. अपडेट, नवा ड्रायव्हर, मराठी टायपिंगची सोय, थीम, अचानक गेलेली वीज, काहीही असो. निम्मं उत्तर बहुतेक वेळा या कागदावरच असतं.

सावधान: पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करू नका. अगदी अडकलंच तर ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून ठेवा आणि दोन-दोन सेकंदांच्या अंतराने एस, यू, बी दाबा. डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहिलं जातं, फाइल सिस्टिम फक्त वाचण्याजोगी होते आणि मग मशीन रीबूट होतं. काही लॅपटॉपवर यासाठी एफएन कळही लागते.

## १. लक्षण नीट ओळखा

लॉगिनचा पडदा दिसतो का, हा पहिला प्रश्न. दिसत असेल तर ड्रायव्हर आणि ग्राफिक्स सर्व्हर निदान तेवढ्यापुरते चालू आहेत. बिघाड वरच्या भागात, बहुधा तुमच्या होम फोल्डरमध्ये आहे. दिसतच नसेल, तर बिघाड साखळीच्या खालच्या भागात आहे.

लॉगिनचा पडदा दिसतो पण "पासवर्ड चुकीचा" असं येतं, हे वेगळंच प्रकरण. मराठीत टाइप करणाऱ्यांकडे हे वारंवार होतं: लॉगिनच्या पडद्यावर कीबोर्ड इनस्क्रिप्टवर अडकलेला असतो आणि पासवर्ड देवनागरीत जात असतो. ठिपके सारखेच दिसतात, त्यामुळे कळत नाही. कोपऱ्यातलं भाषेचं चिन्ह बघा, इंग्रजी निवडा, पुन्हा प्रयत्न करा. पासवर्ड नाकारला गेला आणि पासवर्ड घेऊन परत बाहेर फेकलं, या दोन्हींत फरक करायला शिका. दुसऱ्याला लॉगिन लूप म्हणतात आणि पुढचा बराचसा लेख त्यावर आहे.

## २. कन्सोल गाठा

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन विचारलं जाईल. नाव टाका, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना तिथे ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. कीबोर्ड बंद पडला असं समजून लोक इथेच थांबतात. टाइप करून एंटर मारा.

या कन्सोलवर देवनागरी नीट दिसत नाही. सिस्टिमची भाषा मराठी असेल तर संदेशांच्या जागी चौकटी दिसतील. आधी `एक्स्पोर्ट एलसी_ऑल=सी` द्या (`एलसी_ऑल` आणि शेवटचा `सी` कॅपिटलमध्ये), म्हणजे संदेश इंग्रजीत येतील. फोल्डरचं नाव `डाउनलोड्स` असं नागरीत असेल तर ते टाइप करण्याच्या फंदात पडू नका, पुढच्या कशालाही त्याची गरज नाही.

कन्सोलही येत नसेल तर मशीन चालू होताना एस्केप दाबून (जुन्या बायोसवर शिफ्ट धरून) ग्रबचा (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा, प्रगत पर्यायांत जाऊन रिकव्हरी मोड निवडा आणि रूट शेल (सगळे अधिकार असलेल्या रूट खात्याची कमांड-ओळ) घ्या. तिथे डिस्क बहुतेक वेळा फक्त वाचण्यासाठी जोडलेली असते. `माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /` दिल्याशिवाय केलेला कुठलाच बदल टिकणार नाही.

तपासणी: कन्सोलवर लॉगिन झालं का? झालं असेल तर खातं, पासवर्ड आणि कर्नल ठीक आहेत. आता घाई करायचं कारण उरलं नाही.

## ३. डिस्क भरली आहे का, हे सगळ्यात आधी

`डीएफ -एच` द्या आणि `/` व `/होम` यांच्या ओळी बघा. वापर १०० टक्के दिसला तर बहुधा रोग सापडला.

यात एक फसवी गोष्ट आहे. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम साधारण ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. त्यामुळे डिस्क भरली तरी रूटच्या नावाने चालणाऱ्या सेवा चालू राहतात, लॉगिनचा पडदाही येतो. पण तुमच्या सेशनला होम फोल्डरमध्ये एक छोटी फाइलही लिहिता येत नाही आणि ते उघडता उघडता मरतं. लॉगिन दिसतंय म्हणजे डिस्क ठीक असणार, हा तर्क इथे चुकतो.

जागा दिसते तरी अडचण असेल तर `डीएफ -आय` बघा. लाखो बारीक फायलींमुळे आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी) संपले असतील तर जागा असूनही नवी फाइल बनत नाही.

जागा मोकळी करायला या दोन कमांड निर्धोक आहेत (`सुडो` म्हणजे पुढची कमांड रूटच्या अधिकाराने चालवणं): `सुडो एपीटी क्लीन` आणि `सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम` (इथे `एम` कॅपिटल). मग `सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /` देऊन कुठला फोल्डर फुगलाय ते शोधत खाली उतरा. होममधली `.एक्ससेशन-एरर्स` ही फाइलसुद्धा कधीकधी कित्येक जीबी खाऊन बसलेली असते.

सावधान: `/व्हार/लॉग` फोल्डरच उडवू नका. आतले ठरावीक फोल्डर त्यांच्या मालकीसकट काही सेवांना लागतात. जागा मिळते आणि डिस्प्ले मॅनेजर बंद पडतो. फोल्डर ठेवा, जुन्या फायली काढा.

## ४. नव्या वापरकर्त्याची परीक्षा

लोक हीच पायरी सगळ्यात जास्त गाळतात, आणि सगळ्यात जास्त वेळ हीच वाचवते. `सुडो अॅडयूजर टेस्ट` देऊन नवं खातं करा. कंट्रोल, ऑल्ट, एफ१ दाबून लॉगिनच्या पडद्यावर परत जा (काही सिस्टिमवर तो एफ७ वर असतो) आणि त्या नव्या नावाने आत शिरा.

डेस्कटॉप उघडला, तर सिस्टिम निरोगी आहे. बिघाड तुमच्या होम फोल्डरमध्ये आहे, टप्पा ५ करा. इथे ड्रायव्हर किंवा पॅकेजना हात लावण्याचं काहीही कारण नाही. नाही उघडला, तर टप्पा ६ वर जा आणि आपल्या सेटिंगच्या फायली तशाच राहू द्या.

## ५. बिघाड होम फोल्डरमध्ये असेल तर

मालकी. होममध्ये जाऊन `एलएस -एलए` द्या. `.एक्सऑथॉरिटी` (बिंदूनंतरचा एक्स कॅपिटल) आणि `.आयसीईऑथॉरिटी` (बिंदूनंतरची तीन अक्षरं कॅपिटल) या दोन फायलींच्या ओळी शोधा. मालकाच्या रकान्यात तुमचं नाव असायला हवं. तिथे `रूट रूट` दिसलं, तर तुमचं सेशन स्वतःच्याच किल्लीला हात लावू शकत नाहीये. कधीतरी `सुडो` लावून एखादा ग्राफिकल प्रोग्राम उघडला किंवा `सुडो स्टार्टएक्स` दिलं, की असं होतं. उपाय एका ओळीचा: `सुडो सीएचओन` (सी, एच, ओ, डब्ल्यू, एन), मग तुमचं खात्याचं नाव, नावाला जोडूनच विसर्गासारखा कोलन, मग त्या दोन फायली. बाकीच्या बिंदूवाल्या फायली आणि `.कॉन्फिग`, `.कॅश` यांचेही मालक त्याच यादीत तपासून घ्या.

याच वेळी `एलएस -एलडी /टीएमपी` बघा. परवानग्यांच्या ओळीचं शेवटचं अक्षर `टी` हवं. नसेल तर `सुडो सीएचमॉड १७७७ /टीएमपी`.

सावधान: परवानगीचा घोळ दिसला म्हणून सगळ्या होमवर `सीएचमॉड -आर ७७७` मारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. एसएसएचच्या (दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) खासगी किल्ल्या त्या क्षणी नाकारल्या जायला लागतात आणि मूळ परवानग्या काय होत्या हे परत कळत नाही.

सुरुवातीला वाचल्या जाणाऱ्या फायली. `.प्रोफाइल`, `.एक्सप्रोफाइल` आणि डेबियनवर `.एक्ससेशनआरसी`. सेशन उघडण्याआधी या फायली ओळीनं चालवल्या जातात. एखादी ओळ अडली तर सेशन तिथेच अडतं, एखादीने `एक्झिट` म्हटलं तर सेशन संपतं. `एक्झेक झेडएसएच` अशी ओळ `.प्रोफाइल`मध्ये टाकली की हमखास लूप होतो, कारण सेशन सुरू करणाऱ्या स्क्रिप्टची जागा शेल घेतं, त्याला टर्मिनल सापडत नाही आणि ते लगेच बंद होतं. `पाथ` बदलताना जुना पाथ जोडायचा राहिला तर सेशनला स्वतःचे प्रोग्रामच सापडत नाहीत.

माझ्या लॅपटॉपवर हे असंच झालं होतं. डेस्कटॉप एक्सएफसीई, डिस्प्ले मॅनेजर लाइटडीएम. मराठी टायपिंगसाठी आयबस बसवला आणि तो आपोआप सुरू व्हावा म्हणून `.एक्सप्रोफाइल`मध्ये `आयबस-डेमन -एक्सआर` अशी ओळ लिहिली. रीबूट केल्यावर पासवर्ड घेतला गेला आणि पडदा काळाच राहिला. पंखा शांत, डिस्कचा दिवा विझलेला, बाणही नाही. मी दोन तास ड्रायव्हर उलटसुलट केला. शेवटी नवं खातं करून बघितलं तर ते दहा सेकंदांत उघडलं. ओळीत `डी` राहिला होता. `-डीआरएक्स` लिहिलं असतं तर आयबस पार्श्वभूमीला गेला असता. `डी` नसल्यामुळे तो पुढ्यातच बसून राहिला आणि सेशनची स्क्रिप्ट तो संपायची वाट बघत राहिली. तेव्हापासून चौथा टप्पा मी कधीही गाळत नाही.

या फायली तपासायची सोपी रीत म्हणजे त्या पुसायच्या नाहीत, नाव बदलायचं: `एमव्ही .एक्सप्रोफाइल .एक्सप्रोफाइल.जुनी`. शेवटचा शब्द रोमनमध्ये काहीही द्या. मग लॉगिन करून बघा. एका वेळी एकच फाइल. सगळ्या एकदम बाजूला सारल्या तर दोषी कोण ते कळणार नाही आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक परत होईल.

डेस्कटॉपच्या सेटिंग. इथवर सगळं ठीक असेल तर `.कॉन्फिग` बघायची, आणि तीही तुकड्यातुकड्याने. एक्सएफसीई असेल तर आधी `.कॅश/सेशन्स` बाजूला करा. जतन केलेल्या सेशनमधून खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम गळाला, की काळा पडदा आणि नुसता बाण दिसतो. मग `.कॉन्फिग/एक्सएफसीई४`. ग्नोम डेस्कटॉपमध्ये संशय आधी एक्स्टेन्शनवर घ्या, विशेषतः ग्नोमची आवृत्ती नुकतीच बदलली असेल तर. `.लोकल/शेअर/ग्नोम-शेल/एक्स्टेन्शन्स` या फोल्डरचं नाव बदला. तेवढ्याने भागलं नाही तर `.कॉन्फिग/डीकॉन्फ` बाजूला करा. तुमचे शॉर्टकट आणि वॉलपेपर मूळपदावर जातील, फायलींना काही होणार नाही.

तपासणी: प्रत्येक बदलानंतर लॉगिन करून बघितलं का? काय बदललं ते कागदावर लिहिलं का?

## ६. नवं खातंही उघडत नसेल तर

आता नोंदी वाचायच्या. `सिस्टिमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर` द्या. पहिल्या ओळीत खरं नाव दिसेल (जीडीएम, लाइटडीएम वगैरे) आणि खाली तो चालू आहे की पडलाय ते. ते नाव घेऊन `जर्नलसीटीएल -बी -यू` आणि पुढे ते नाव. आधीच्या बूटच्या नोंदी हव्या असतील तर `-बी -१`.

एक्सऑर्ग वापरत असाल तर `/व्हार/लॉग/एक्सऑर्ग.०.लॉग` (एक्स कॅपिटल) उघडा. ती फाइल तिथे नसली किंवा जुन्या तारखेची असली तर होममधल्या `.लोकल/शेअर/एक्सऑर्ग` या फोल्डरमध्ये बघा. त्यात `ईई` असं कंसात लिहिलेल्या ओळी म्हणजे चुका, `डब्ल्यूडब्ल्यू` म्हणजे नुसते इशारे. इशारे डझनावारी असतात, त्यांच्या मागे लागू नका. पहिली `ईई` ओळ महत्त्वाची, बाकीच्या बहुधा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

`नो स्क्रीन्स फाउंड` असं दिसलं तर आधी `/ईटीसी/एक्स११` (एक्स कॅपिटल) मध्ये जुनी `एक्सऑर्ग.कॉन्फ` पडलीय का बघा. ग्राफिक्स कार्ड बदललं, ड्रायव्हर काढला, पण ती फाइल मागे राहिली आणि सर्व्हरला नसलेलं कार्ड शोधायला लावत राहिली, असं फार होतं. आज बहुतेक मशीनना ही फाइल लागतच नाही. नाव बदलून ठेवा आणि पुन्हा बघा.

डिस्प्ले मॅनेजर पडलेला नाही, सुरूच होत नाहीये, असं असेल तर `सिस्टिमसीटीएल गेट-डीफॉल्ट` द्या. उत्तर `मल्टी-यूजर.टार्गेट` आलं तर मशीनला ग्राफिकल पडदा दाखवायला कुणी सांगितलेलंच नाही. `सुडो सिस्टिमसीटीएल सेट-डीफॉल्ट ग्राफिकल.टार्गेट`, झालं. दोन डिस्प्ले मॅनेजर एकत्र बसवले असतील तर `सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर` आणि पुढे त्यांतल्या एकाचं नाव देऊन कोणता वापरायचा ते ठरवा.

## ७. अर्धवट राहिलेलं अपडेट

अपडेट चालू असताना लॅपटॉपची बॅटरी संपली किंवा वीज गेली असेल तर आधी `सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए`, मग `सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल`. दुसरी कमांड काय काय काढणार याची यादी दाखवते. ती वाचल्याशिवाय वाय दाबू नका.

यादीत किंवा `/व्हार/लॉग/एपीटी/हिस्ट्री.लॉग` मध्ये डेस्कटॉपची पॅकेज काढल्याची नोंद दिसली तर कारण तिथेच आहे. पायथनची सिस्टिममधली आवृत्ती नको म्हणून काढली आणि तिच्याबरोबर निम्मा डेस्कटॉप गेला, ही चूक विद्यार्थ्यांकडून पुन्हा पुन्हा होते. सिस्टिमचा पायथन काढायचा नसतो. दुसरी आवृत्ती हवी तर शेजारी बसवायची. आता मूळ पॅकेज परत टाका, उबंटूवर `उबंटू-डेस्कटॉप`.

## ८. ग्राफिक्स ड्रायव्हर

इथे सगळ्यात शेवटी यायचं, पण आलात तर नीट बघा. एनव्हिडियाचा ड्रायव्हर आणि नव्या कर्नलचं अपडेट ही जोडी नेहमीची.

आधी जुन्या कर्नलवर चालतंय का ते बघा. ग्रबच्या प्रगत पर्यायांतून मागचा कर्नल निवडा. त्यावर डेस्कटॉप आला तर ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बांधला गेलेला नाही हे जवळजवळ नक्की. मग नव्या कर्नलवर परत येऊन कन्सोलवर `यूनेम -आर` (चालू कर्नलचा आकडा) आणि `डीकेएमएस स्टेटस` (ड्रायव्हर कोणत्या कर्नलसाठी बांधलाय त्याची यादी) यांची उत्तरं ताडून बघा. नव्या कर्नलचा आकडा दुसऱ्या यादीत हवा आणि त्यापुढे `इन्स्टॉल्ड` हवं. नसेल तर त्या कर्नलची `लिनक्स-हेडर्स` पॅकेज टाका आणि `सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल` द्या.

ड्रायव्हर बांधलेला आहे, पण चढत नाही? `मोकयूटिल --एसबी-स्टेट` देऊन सिक्युअर बूट चालू आहे का बघा. चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल घेत नाही. ड्रायव्हर बसवताना एक तात्पुरता पासवर्ड विचारला होता, आणि पुढच्या बूटला निळा पडदा आला होता. घाबरून किंवा घाईत तिथे बूट पुढे चालू ठेवायचा पर्याय दाबला जातो, आणि मग ड्रायव्हर कधीच चढत नाही. त्या पडद्यावर `एनरोल मॉक` निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. संधी हुकली असेल तर `सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की` देऊन किल्लीची नोंदणी पुन्हा मागवा आणि रीबूट करा.

काहीच दिसत नसेल तर ग्रबमध्ये ई दाबा, `लिनक्स` शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी `नोमोडसेट` जोडा आणि एफ१० दाबा. हे त्या एका बूटपुरतंच असतं आणि तसंच असावं. कायमचं ठेवलं तर डेस्कटॉप रडतखडत चालेल, कारण खरा ड्रायव्हर बाजूला पडलेला असेल.

सावधान: एनव्हिडियाच्या साइटवरून उतरवलेला इन्स्टॉलर आणि एपीटीची पॅकेज एकावर एक चढवू नका. एकाच नावाच्या फायली दोघेही लिहितात. पुढच्या अपडेटला कोण कोणावर कुरघोडी करेल सांगता येत नाही. एकच मार्ग निवडा. मी एपीटीचा निवडतो.

## ९. फ्रीबीएसडीवर

इथे सिस्टिमडी (`सिस्टिमसीटीएल`, `जर्नलसीटीएल` ज्याच्या कमांड आहेत ती लिनक्सवरची सेवा चालवणारी व्यवस्था) नाही, त्यामुळे वरच्या निम्म्या कमांड चालणार नाहीत. विचाराचा क्रम मात्र तोच. कन्सोल एफ१ वर आणि ग्राफिकल पडदा बहुधा एफ९ वर असतो.

पाच गोष्टी बघा. डीबस (प्रोग्रामांमध्ये निरोप पोचवणारी सेवा) चालू आहे का: `सिसआरसी डीबस_इनेबल`. उत्तर `येस` हवं. तुमचं नाव `व्हिडिओ` गटात आहे का: नसेल तर `पीडब्ल्यू ग्रुपमॉड व्हिडिओ -एम` आणि पुढे नाव. ग्राफिक्स मॉड्यूल कुठून चढतंय: इंटेलसाठी `आय९१५केएमएस`, एएमडीसाठी `एएमडीजीपीयू`, आणि ते `/ईटीसी/आरसी.कॉन्फ` मधल्या `केएलडी_लिस्ट` मध्येच असावं. लोक ते `लोडर.कॉन्फ` मध्ये टाकतात, तिथे ते नको. `स्टार्टएक्स` वापरत असाल तर `.एक्सइनिटआरसी` तपासा: आधीच्या ओळींच्या शेवटी अँडचं चिन्ह, आणि शेवटची ओळ `एक्झेक` ने सुरू होणारी, शेवटी चिन्ह नसलेली. उलट झालं तर एक्स उघडून लगेच मिटतो. आणि पाचवी गोष्ट, सिस्टिम नुकतीच नव्या आवृत्तीवर नेली असेल तर डीआरएमचं (ग्राफिक्स ड्रायव्हरचं) मॉड्यूल जुन्याच कर्नलसाठी बांधलेलं असू शकतं. ते पोर्टमधून (फ्रीबीएसडीच्या सोर्समधून बांधायच्या पॅकेजच्या संग्रहातून) नव्या कर्नलसाठी कंपाइल करा. त्यासाठी `/यूएसआर/एसआरसी` मध्ये त्याच आवृत्तीचा सोर्स लागतो.

मॉड्यूल चढताच मशीन कोसळत असेल तर बूटच्या मेनूतून सिंगल यूजर निवडा, डिस्कची फाइल सिस्टिम यूएफएस असेल तर `माउंट -यू /` द्या, आणि `आरसी.कॉन्फ` मधली `केएलडी_लिस्ट` ची ओळ हॅश लावून बंद करा.

## १०. डेस्कटॉप आल्यावर

लगेच कामाला लागू नका. एकदा पूर्ण रीबूट करून बघा. केवळ लॉगआउट करून परत आलात तर ग्रब आणि ड्रायव्हरचा टप्पा तपासलाच जात नाही. मग `सुडो डेलयूजर --रिमूव्ह-होम टेस्ट` देऊन चाचणीचं खातं काढा. एंटर मारण्याआधी नाव पुन्हा वाचा, कारण ही कमांड त्या खात्याचं होम फोल्डरही पुसते. नाव बदललेल्या फायलींपैकी निर्दोष निघालेल्या मूळ नावावर आणा. दोषी फाइल निदान महिनाभर तशीच ठेवा, आणि तिच्यातली कोणती ओळ चुकली होती ते त्या कागदावर तारखेसह लिहून ठेवा.